आठ, दहा की सोळा? सिडकोतल्या एका फाइलचा प्रकरण अभ्यास

"तिघांनी एकच कागद बघितला आणि तिघांनी तीन आकडे सांगितले. म्हणजे कोणीतरी फेकतंय ना?"

दादा थर्ड शिफ्ट संपवून घरी न जाता थेट माझ्याकडे आला होता. हातात मेडिकलवाल्याची कॅरीबॅग, तिच्यात दोन वर्षांचे रिपोर्ट, डोळे रात्रपाळीने लाल. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. वय ५४, राहायला नाशिकच्या सिडकोत, अंबडच्या एका कारखान्यात मशीन शॉपचा सुपरवायझर. वहिनीचा फोन आधीच येऊन गेला होता, "ताई, हे आपणहून काही विचारायचे नाहीत, चहा पिऊन निघून येतील. तुम्हीच विषय काढा." पण या वेळी विषय त्यानेच काढला.

मी डॉक्टर नाही. औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासण्यात बारा वर्षं घालवली, आता संख्याशास्त्र शिकवते. त्यामुळे घरात कुठल्याही कागदावर टक्का दिसला की तो माझ्याकडे येतो, मग तो विम्याचा असो की लघवीच्या तपासणीचा. पुढचं सगळं दादाला विचारून लिहिते आहे. तो ओळखू येऊ नये म्हणून एकदोन गोष्टी बदलल्या आहेत, आकड्यांना हात लावलेला नाही.

झालं होतं असं. कारखान्यात वार्षिक तपासणीचा कॅम्प लागला. रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३८, ट्रायग्लिसराइड १९०, वरचं बीपी १४२. साखर ठीक, कुठलीही गोळी चालू नाही, आणि 'स्मोकिंग'च्या चौकटीत 'नाही'. कॅम्पच्या डॉक्टरांनी मोबाइलवर हिशेब करून सांगितलं, दहा वर्षांत हृदयविकाराचा धोका १६ टक्के, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करा. सिडकोतल्या फॅमिली डॉक्टरांनी तोच कागद बघून ८ टक्के काढले, वजन उतरवा म्हणाले, गोळीचं सहा महिन्यांनी बघू. पुण्यात इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलाने रात्री स्वतःच्या फोनवर काढले ते १० आले. भरीला भर म्हणून शॉपच्या ग्रुपवर दोन फॉरवर्ड पडले होते. एकात, कोलेस्टेरॉलचा हृदयाशी काही संबंध नाही हे 'सिद्ध' झालेलं. दुसऱ्यात, गोळी घेतली नाही तर मरण अटळ.

तिघांनी वापरलेली सूत्रं गुप्त वगैरे नसतात, छापलेली आहेत. मी पाठकोरा कागद घेतला आणि तिन्ही गणितं हाताने मांडली. कॅम्पचं १६.४ आलं, मुलाचं १०, फॅमिली डॉक्टरांचं ८.३. कोणीही फेकलं नव्हतं.

गोल्टी धरून की सोडून

कॅम्पच्या डॉक्टरांचं सूत्र २००८ चं, अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाच्या अभ्यासातून आलेलं. त्यात 'आजार' म्हणून हार्ट अटॅक तर मोजला आहेच, शिवाय चालताना छातीत दुखणं, हृदय कमजोर पडून दम लागणं, लकवा, काही तासांत सुटणारा लकवा, इतकंच काय, पायाच्या रक्तवाहिन्या आकसून पोटऱ्या भरून येणं, हे सगळं धरलं आहे. मुलाने वापरलेला तक्ता २००१ चा. तोही फ्रॅमिंगहॅमचाच, पण त्यात फक्त हार्ट अटॅक आणि हृदयविकाराने मृत्यू. एकाच गावची माणसं, एकच वही. एकाने दहा मोजले, दुसऱ्याने सोळा.

दादाचं घर मूळचं निफाड तालुक्यातलं, त्यामुळे पुढचं त्यानेच सांगितलं. "म्हणजे लासलगावला कांद्याची आवक किती विचारली तर गोल्टी धरून का सोडून, तसंच." गोल्टी म्हणजे बारीक कांदा. अगदी तसंच. फॉरवर्ड लिहिणारे गोल्टीचं सांगत नाहीत, हीच अर्धी भानगड.

पण मग तो पुढे अडला, आणि बरोबर ठिकाणी अडला. फॅमिली डॉक्टरांच्या ८ मध्ये हार्ट अटॅक आणि मृत्यूबरोबर लकवाही मोजलेला आहे. मुलाच्या १० मध्ये लकवा नाही. जास्त माल धरून आकडा कमी कसा?

इथे माणसं बदलली. फ्रॅमिंगहॅमचा अभ्यास १९४८ मध्ये ५,२०९ लोकांवर सुरू झाला. जवळजवळ सगळे गोरे. त्या काळी सिगारेट घरोघरी, आणि बीपीवर धड औषध नाही. ८ टक्के सांगणारं सूत्र २०१३ चं. त्यात फ्रॅमिंगहॅमबरोबर १९८० च्या दशकात सुरू झालेले दुसरे अभ्यासही मिसळले आहेत. तोपर्यंत तिथे सिगारेट कमी झाली होती, बीपीच्या गोळ्या आल्या होत्या. २०२३ मध्ये आणखी नवं सूत्र आलं. त्यात हृदय कमजोर पडणंही मोजतात, तरी दादाचा आकडा सहाच्या आसपास येतो. तोच माणूस, तेच रक्त. बदललं ते इतकंच, की त्याला कोणत्या काळच्या, कोणत्या लोकांच्या रांगेत उभं केलं.

आकडा हातात आला तरी रेघ कुठे ओढायची हा वेगळा वाद. अमेरिकेत २०१३ मध्ये साडेसात टक्क्यांना गोळीची चर्चा सुरू करायची असं ठरलं. ब्रिटनमध्ये २०१४ पर्यंत ही रेघ २० वर होती, मग १० वर आणली. म्हणजे ८ टक्क्यांचा दादा एका देशात गोळीवाला आणि दुसऱ्यात बिनगोळीचा. यात विज्ञान किती आणि गोळी स्वस्त झाल्याचा हिशेब किती, हे मी सांगत बसले नाही. चहा निवत होता.

ब्रिटनच्या सूत्रात वंश विचारतात, आणि 'भारतीय' असा पर्यायही आहे. दादाला ते आवडलं. पण ते भारतीय लंडन-लेस्टरकडे स्थायिक झालेले, आणि त्या सूत्रात वस्ती किती गरीब हेही तिथल्या पोस्टकोडवरून ठरतं. नाशिकचा ४२२ ने सुरू होणारा पिनकोड त्यात टाकून उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाचे २१ भाग पाडून तक्ते काढले, त्यात दक्षिण आशियाचा वेगळा आहे. त्याच्याकडे पुढे येते, कारण तो ज्या पायावर उभा आहे त्यातली एक वीट दादाच्या वडिलांची आहे.

'स्मोकिंग : नाही'

बोलता बोलता दादाने शर्टाच्या खिशातून पुडी काढली, डाव्या तळहातावर चिमूट घेतली, डबीतला चुना नखाने लावला, अंगठ्याने मळली, दोन चापट्या मारल्या आणि बार खालच्या ओठात सोडला. इतकं सवयीचं, की त्याचं त्यालाच कळलं नसेल. मी रिपोर्टवरच्या त्या चौकटीवर बोट ठेवलं.

"सिगारेट ओढतो का विचारलं त्या पोराने. मी कधी सिगारेट ओढतो?"

पोराने विचारलं ते बरोबर, दादाने सांगितलं ते खरं, आणि चौकट भरली ती छापील नियमाप्रमाणे. आता ती एक खूण बदलली तर काय होतं ते मी त्याला करून दाखवलं. २००८ च्या सूत्रात 'नाही'चं 'हो' केलं की १६.४ चे २९ होतात. २०१३ च्या सूत्रात ८.३ चे साडेपंधरा. कोलेस्टेरॉलमध्ये चाळीस-पन्नासचा फरक पडूनही इतकी उडी पडत नाही.

मग तंबाखूला 'हो' म्हणायचं का? मला या प्रकरणात सगळ्यात रस वाटला तो इथे, कारण याच प्रश्नावर अभ्यासांची उत्तरं फाकली आहेत. इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला अभ्यास, भारतही त्यात होता. त्यात पहिला हार्ट अटॅक आलेल्यांची तुलना न आलेल्यांशी केली. तंबाखू नुसती चघळणाऱ्यांमध्ये अटॅकची शक्यता २.२३ पट निघाली. हे २००६ मध्ये छापून आलं. दुसरीकडे स्वीडनमध्ये 'स्नूस' नावाची ओठाखाली ठेवायची तंबाखू चालते. तिथले अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये उत्तर आलं की स्नूसने अटॅकचं प्रमाण वाढलेलं दिसत नाही.

दोन्ही बातम्या एकाच दिवशी एकाच ग्रुपवर आल्या तर माणूस म्हणणार, या शास्त्रज्ञांचं काही खरं नाही. पण माल बघा. स्नूस वाफवून तयार करतात, त्यात काय असावं यावर तिथे बंधन आहे. आपल्याकडची पुडी, वर चुना, शिवाय कुठे मिश्री, कुठे गुटखा, ही सगळी वेगवेगळी चीज. 'धूर नसलेली तंबाखू' या एका शब्दाखाली दोन्ही गेली, म्हणून ती एक होत नाहीत. अभ्यासाची पद्धतही वेगळी. स्वीडनमध्ये आधी सवय नोंदवली आणि मग वर्षानुवर्षं माणसांवर लक्ष ठेवलं. इंटरहार्टमध्ये अटॅक आलेल्या माणसाला दवाखान्यात विचारलं, तू काय खायचास? खाटेवर पडलेला माणूस आपलं पाप मोकळेपणाने सांगतो, धडधाकट माणूस कॅम्पच्या पोराला 'नाही' म्हणून सुटतो. या एवढ्या फरकानेही पट वाढू शकते. शिवाय तंबाखू खाणारा माणूस बाकीच्या बाबतीतही वेगळा असतो. रात्रपाळी, जेवणाची वेळ नाही, तपासणीला सुट्टी नाही. हिशेबात हे वजा करतात, पण जे विचारलंच नाही ते वजा कसं करणार?

माझं मत विचाराल तर निफाडच्या माणसासाठी मी स्वीडनपेक्षा इंटरहार्टकडे झुकेन. तरी २.२३ हा आकडा डोळे झाकून घेणार नाही. आणि सिगारेटवरून बसवलेल्या सूत्रात तंबाखूचा 'हो' घालणं हेही बरोबर नाही. म्हणून मी कागदावर २९ लाही काट मारली आणि १६ लाही. दादाला ते मुळीच पटलं नाही. "मग उरलं काय?"

घरोघरी आशाताई जो तपासणीचा फॉर्म भरतात त्यात गुटखा-खैनीची विचारणा आहे, रोज खाणाऱ्याला दोन गुण आहेत. इतका साधा कागद, पण या एका बाबतीत मोठमोठ्या सूत्रांपेक्षा शहाणा.

१४२

बीपीचं थोडक्यात सांगते. कॅम्प दुसऱ्या मजल्यावर, दादा जिना चढून रांगेत उभा, ओठात बार, पोराने शर्टाची बाही वर सरकवून एकदाच मोजलं. माझ्याकडे पाच मिनिटं गप्प बसवून, पाय जमिनीला टेकवून दोनदा मोजलं तर १३४ आणि १३०. पुढे घरच्या यंत्रावर पहिल्या आठवड्याची सरासरी १२८ आली. १४२ च्या जागी १२८ घातले की कॅम्पवाल्यांचे १६.४ उतरून १३.७ होतात.

हे फक्त दादापुरतं नाही. अभ्यासातसुद्धा पुष्कळदा सुरुवातीला एकदाच मोजतात आणि पुढची दहा वर्षं तोच आकडा माणसाच्या नावावर राहतो. त्या एका मोजणीतली उलथापालथ खरा संबंध बोथट करते. १९९० मध्ये नऊ अभ्यासांतल्या ४ लाख २० हजार लोकांचा हिशेब हा दोष काढून पुन्हा मांडला, तेव्हा बीपीचा लकव्याशी आणि हृदयविकाराशी असलेला संबंध आधी वाटला होता त्याहून साधारण ६० टक्के जास्त निघाला.

वहिनीला मधुमेह आहे, आणि तिच्या बीपीवरूनही घरात असाच घोळ. एक डॉक्टर म्हणतात १२० च्या खाली आणा, दुसरे म्हणतात मधुमेहात त्याचा फायदा नाही. दोघांच्या मागे दोन मोठ्या चाचण्या उभ्या आहेत. २०१५ ची स्प्रिंट : ९,३६१ लोक, मधुमेह असलेले मुद्दाम वगळलेले, १२० खाली ठेवल्यावर अटॅक, लकवा अशा घटना एकूण २५ टक्के कमी, आणि फायदा इतका ठळक की चाचणी आधीच थांबवली. २०१० ची अकॉर्ड : ४,७३३ मधुमेही, इथेही एका गटाला १२० च्या खाली ठेवलं, घट १२ टक्के, पण ती योगायोगाने आलेली नाही असं छातीठोक म्हणता येईना. वर्तमानपत्री भाषेत 'एकीत फायदा, दुसरीत नाही'. पण अकॉर्डचा अनिश्चिततेचा पट्टा बघितला तर तो २७ टक्के घटीपासून ६ टक्के वाढीपर्यंत पसरला आहे. स्प्रिंटचे २५ त्या पट्ट्याच्या आतच बसतात. लकवा तर अकॉर्डमध्येही कमी झाला होता. शिवाय स्प्रिंटमध्ये हृदय कमजोर पडणं मुख्य हिशेबात धरलं होतं, अकॉर्डमध्ये नाही. परत गोल्टी. आणि स्प्रिंटमध्ये बीपी बऱ्याच ठिकाणी माणसाला खोलीत एकटं बसवून यंत्राने मोजलं, तेव्हा तिथले १२० म्हणजे आपल्या ओपीडीतले १२० नव्हेत. पुढे २०२४ मध्ये चीनमधल्या १२,८२१ मधुमेहींवर हीच चाचणी झाली, आणि फायदा दिसला. एवढं सांगून मी वहिनीला तिच्या डॉक्टरांकडेच धाडलं.

१ जून

ब्रिटनच्या सूत्रात एक प्रश्न असतो : आई-वडील, भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत हृदयविकार झाला होता का? अमेरिकेत वडील-भाऊ असतील तर ५५ ची अट. वरच्या तीन सूत्रांत हा प्रश्नच नाही. मी दादाला विचारलं आणि तो बराच वेळ गप्प बसला.

काका, म्हणजे त्याचे वडील, जानेवारी १९९५ मध्ये गेले. द्राक्षबागेत औषध मारत होते. घाम फुटला, छातीत दाटलं म्हणाले, बांधावर बसले आणि पिंपळगावला पोचेपर्यंत संपलं होतं. घरात गेली तीस वर्षं एकच वाक्य आहे, "काकांना अटॅक आला." पोस्टमॉर्टेम नाही. मी आत्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, तोंडाला फेस होता. फवारणीच्या औषधाची विषबाधा झाली तरी दरदरून घाम फुटतो, छाती भरते, तोंडाला फेस येतो. अटॅक होता की औषध, हे आता कोणी सांगू शकणार नाही. ग्रामपंचायतीच्या नोंदीत मृत्यूचं कारण लिहिलं आहे : हृदयक्रिया बंद पडून.

ती कुणाची बंद पडत नाही?

मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला असतो, दवाखान्यातल्यांसाठी नमुना ४, बाहेरच्यांसाठी ४अ. त्यात वरच्या ओळीत शेवटचं कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, त्याखाली तेही कशामुळे, अशी साखळी उतरवत न्यायची असते. आकडेवारीत मोजतात ते तळाचं मूळ कारण. तळाशी काही लिहिलंच नाही आणि वर 'हृदयक्रिया बंद' असलं, की तो मृत्यू कुठल्या खात्यात टाकायचा हे पुढे बसलेला माणूस अंदाजाने ठरवतो. आणि असा दाखला तरी किती जणांचा असतो? २०२० च्या राष्ट्रीय अहवालाप्रमाणे नोंदवलेल्या मृत्यूंपैकी साधारण २२.५ टक्क्यांचा. बाकीच्यांबद्दल जे कळतं ते मुख्यतः घरी जाऊन नातेवाइकांना विचारून. तिथे बसलेलं माणूस आमच्या आत्यांसारखं असतं.

दक्षिण आशियाचा तो २०१९ चा तक्ता इथल्या आजाराच्या अंदाजित दरांवर बेतलेला आहे, आणि ते अंदाज अशाच नोंदींतून आणि चौकशांतून उभे राहतात. म्हणून दोन संस्था भारतातले हृदयविकाराचे मृत्यू वेगवेगळे सांगतात तेव्हा मला नवल वाटत नाही. दोघी एकाच धुक्यात उभ्या आहेत, अंदाज बांधायची रीत तेवढी वेगळी.

आता वयाचं. शाळेच्या दाखल्यावर काकांची जन्मतारीख १ जून १९४०. त्या पिढीतली निम्मी माणसं १ जूनची असतात, गुरुजींची कृपा. दाखल्याप्रमाणे गेले तेव्हा ५४ वर्षांचे. आत्या म्हणतात, "गांधीजी गेले तेव्हा भाऊ दहा वर्षांचा होता, मला कडेवर घेऊन चावडीवर गेलेला." म्हणजे जन्म १९३७-३८ चा, आणि गेले तेव्हा ५७ च्या आसपास. दाखला धरला तर अमेरिकन अटीत बसतात, आत्यांचं धरलं तर बसत नाहीत. ब्रिटिश अटीत दोन्ही प्रकारे बसतात, मात्र तो अटॅक असला तर.

दादाची स्वतःची जन्मतारीख मी विचारली नाही. कागदावर ती दिसतच होती, १ जून १९७१. सगळ्या सूत्रांत सगळ्यात जास्त वजन वयाला असतं.

ट्रॅकवरची माणसं

राहिला तो फॉरवर्ड, कोलेस्टेरॉलचा काही संबंध नाही म्हणणारा. तो हवेतून आलेला नाही. २०१६ मध्ये एक आढावा छापून आला होता. १९ अभ्यास, ६८,०९४ लोक, सगळे साठीच्या पुढचे. निष्कर्ष : यांच्यात वाईट कोलेस्टेरॉल जास्त असलेले जास्त मरतात असं नाही, उलट बऱ्याच ठिकाणी तेच जास्त जगताना दिसतात. आणि २०१० मध्ये २६ चाचण्यांतल्या १ लाख ७० हजार लोकांचा एकत्र हिशेब झाला, त्यात गोळीने वाईट कोलेस्टेरॉल सुमारे ३९ ने उतरवलं की मोठ्या घटना पाचव्या हिश्शाने कमी, एकूण मृत्यूही दहाव्या हिश्शाने कमी.

मी दादाला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नेलं, म्हणजे बोलण्यात. सकाळी सहाला तिथे सत्तरीचे लोक बघ, काय ठणठणीत. यावरून चालल्याने माणूस ठणठणीत राहतो म्हणायचं, की ठणठणीत असलेलेच तिथे येतात म्हणायचं? ज्याला दम लागायला लागला तो यायचा बंद झाला, तो तुला दिसणारच नाही. कोलेस्टेरॉलचंही तसंच होतं. कॅन्सर, लिव्हरचा आजार, लांबलेलं दुखणं माणसाला आतून पोखरतं, तेव्हा मरणाच्या आधी काही वर्षं कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं. मग कमी कोलेस्टेरॉलवाल्यांच्या गटात आधीच आजारी असलेली माणसं जमा होतात, आणि दोष कमी कोलेस्टेरॉलला लागतो. जास्त कोलेस्टेरॉलने ज्यांना जायचं होतं त्यांतले बरेच पन्नाशीत गेले, ते साठीच्या अभ्यासात आलेच नाहीत. जे आले त्यांतल्या पुष्कळांना पुढे गोळी सुरू झाली. चाचणीत असं होत नाही, कारण कुणाला गोळी आणि कुणाला नुसती खडूची टिकली हे चिठ्ठी टाकून ठरतं.

ही चूक भल्याभल्यांकडून झाली आहे. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या अमेरिकन नर्सेसमध्ये हृदयविकार बराच कमी दिसला, डॉक्टर वर्षानुवर्षं त्या गोळ्या लिहून देत राहिले. मग १६,६०८ बायकांची चिठ्ठी टाकून केलेली चाचणी २००२ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार आणि स्तनाचा कर्करोग दोन्ही जास्त दिसू लागले. नंतर खोलात गेल्यावर दोन्हींतलं अंतर बरंच मिटलं. नर्सेसनी गोळ्या पाळी जाण्याच्या सुमारास सुरू केल्या होत्या, चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पुन्हा तेच, कोण आणि कधी.

आणि एक गोष्ट मी दादाला मुद्दाम सांगितली, कारण त्याचं म्हणणं होतं की आपल्याकडे गोऱ्यांइतकं काय खातात. २०१४ मध्ये १७ देशांतल्या १,५६,४२४ लोकांचा प्युअर नावाचा अभ्यास आला. धोक्याच्या गोष्टी, म्हणजे सिगारेट, बीपी, मधुमेह वगैरेंची गोळाबेरीज, श्रीमंत देशांत सगळ्यात जास्त आणि गरीब देशांत सगळ्यात कमी. मोठ्या घटना मात्र उलट्या : दर हजारी वर्षाला श्रीमंत देशांत सुमारे ४, गरीब देशांत ६.४. आणि अशी घटना घडलेल्यांपैकी दगावले श्रीमंत देशांत साडेसहा टक्के, गरीब देशांत १७. भारत यातल्या गरीब गटात होता. म्हणजे एखाद्या अभ्यासाने धोक्याच्या गोष्टी मोजल्या आणि दुसऱ्याने मृत्यू, तर दोघांची क्रमवारी उलटी येऊ शकते, आणि मधलं अंतर रक्तात सापडणार नाही. ते सुरगाण्याहून दवाखान्याकडे निघालेल्या जीपमध्ये आहे, पिंपळगावच्या रस्त्यावर आहे.

मग केलं काय

दादाला एकच आकडा हवा होता. मी त्याला पट्टा दिला. गणितात आठ ते सोळा, तंबाखू आणि काका मनात धरून वरच्या टोकाकडे. गोळीने पाचवा हिस्सा कमी होतो असं धरलं, तर त्याच्यासारख्या शंभर जणांत दहा वर्षांत दीड ते तीन जणांचं दुखणं टळेल. दीड माणूस ऐकून तो हसला. मग म्हणाला, "तो दीड मी असलो तर?"

फॅमिली डॉक्टरांनी महिनाभराची बीपीची वही मागितली, कोलेस्टेरॉलची तपासणी उपाशीपोटी पुन्हा करायला सांगितली आणि या खेपेला तंबाखूचं विचारलं. रोज किती, कधीपासून. सगळं बघून गोळी सुरू झाली, लहान डोसची.

वही वहिनीने शंभर पानी घेऊन दिली, दादाने कारखान्यातल्या लॉगबुकसारखे रकाने आखले. तारीख, वेळ, वरचं, खालचं. दुसऱ्या आठवड्यात मी ती चाळली तर काही आकड्यांच्या पुढे पेन्सिलीने छोटा 'त' होता. हे मी सांगितलेलं नव्हतं. बार लावल्यावर मोजलं की वरचा आकडा चढतो हे त्याचं त्याला दिसलं होतं आणि त्याने खूण करायला सुरुवात केली होती. त्या आठवड्यात 'त' एकोणीस. तिसऱ्या आठवड्याच्या पानावर चारच.

मी विचारलं, "दादा, खाल्ले चार की लिहिले चार?"

तो यंत्राची पिशवी बंद करत होता. म्हणाला, "लिहिले."

मी पेन्सिल मागून घेतली आणि रकान्याच्या डोक्यावर तसंच लिहून ठेवलं.